बारावी इतिहासाची उजळणी : कोणतं साहित्य घ्यायचं, कोणत्या क्रमाने वापरायचं आणि मार्क नेमके कुठे जातात

दर वर्षी प्रिलिमचे पेपर तपासायला घेतले की तेच दिसतं. पोरीने दोन पानं भरून लिहिलंय, अक्षर स्वच्छ, सनावळ्या बऱ्याचशा बरोबर, आणि तरी निम्मेच मार्क द्यावे लागतात, कारण विचारलं होतं "सकारण स्पष्ट करा" आणि तिने लिहिलीय टीप. पेपर हातात दिला की ती म्हणते, "मॅडम, माले काहीच याद ऱ्हास नही." अगं, याद तर सगळं होतं, अडलं लिहिण्यात.

हा लेख महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी आर्ट्सच्या पोरापोरींसाठी आहे, आणि १७ नंबरचा फॉर्म भरून घरून बसणाऱ्यांसाठी तर जास्तच, कारण त्यांना वर्गात कोणी हे सांगत नाही. क्रम मोडू नका. बहुतेक जण शेवटी करायचं ते आधी करतात, गाईडपासून सुरुवात करतात, आणि मग जानेवारीत पुस्तक उघडतात.

## पायरी १ : टेबलावर फक्त चार गोष्टी ठेवा

१. बालभारतीचं इतिहासाचं पुस्तक. मिळालं नाही, फाटलं, मोठ्या भावाचं हरवलं, तरी अडत नाही, बालभारतीच्या वेबसाईटवर पूर्ण पीडीएफ फुकट आहे. पण मोबाईलवर वाचून इतिहास होत नाही, रेघा मारता येत नाहीत, म्हणून सेकंड हँड का होईना पण कागदाचं पुस्तक मिळवाच.

२. बोर्डाचे मागचे पेपर. इथे बरेच जण फसतात. आत्ताचं १२ धड्यांचं पुस्तक २०२० ला आलं. त्याच्या आधीचे पेपर जुन्या अभ्यासक्रमाचे आहेत, ते सोडवत बसू नका. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि २०२२ ला अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केलेला होता. म्हणजे सरावाला २०२३ पासूनचे पेपर घ्यायचे, फेब्रुवारी-मार्चचे आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेचे पण. पुरवणीचे पेपर कोणी बघत नाही आणि त्यात चांगले प्रश्न असतात.

३. एससीईआरटीची, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रश्नपेढी. ही पण फुकट.

४. दोनशे पानी एक वही. एकच.

गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच? असू द्या, पण डिसेंबरपर्यंत कपाटात. त्यातली उत्तरं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, पण तयार उत्तर आधी वाचलं की धड्यातलं आपलं आपण शोधायची सवयच लागत नाही, आणि बोर्डाने प्रश्नाचं तोंड जरा फिरवलं की पोरगं अडकतं. धड्यातला एखादा शब्द कळला नाही, समजा 'वसाहतवाद' किंवा 'प्रबोधन', तर मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, तिथली नोंद वाचा. यूट्यूबवरचे व्हिडिओ धडा वाचून झाल्यावर बघा, धड्याऐवजी नको.

सावधान : व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'इम्पॉर्टंट प्रश्न' च्या पीडीएफवर कोणत्या वर्षाचा, कोणत्या पुस्तकाचा हे लिहिलेलं नसेल तर ती डिलीट करा. जुन्या अभ्यासक्रमाचे प्रश्न पाठ करून बसलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांची मेहनत वाया जाते याचं फार वाईट वाटतं.

तपासा : पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर आवृत्तीचं वर्ष बघितलं का?

## पायरी २ : धडे १ ते १२ सरळ वाचू नका, गटाने वाचा

पुस्तकातला क्रम शिकवायला ठीक आहे. उजळणीला मी हा क्रम देते :

पहिला गट, धडे १, २, ३, ४. युरोपातलं प्रबोधन, युरोपीय वसाहतवाद, भारत आणि वसाहतवाद, वसाहतवाद आणि मराठे. ही सगळी एकच साखळी आहे. १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुष्कीचा व्यापार अडचणीत आला, समुद्रातून वाट शोधायची गरज पडली, १४९२ ला कोलंबस अमेरिकेच्या बाजूला पोचला, १४९८ ला वास्को द गामा कालिकतला आला, १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १६०० ला इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली, १७५७ प्लासी, १७६४ बक्सार, १७६५ बंगालची दिवाणी, १८१८ ला पेशवाई बुडाली. चार धडे वेगवेगळे वाचले की चार ओझी होतात, एका दमात वाचले की एक गोष्ट होते.

दुसरा गट, धडे ५, ६, ७. सामाजिक सुधारणा, स्वातंत्र्याचा संघर्ष, आणि संस्थानांचं विलीनीकरण.

तिसरा गट, धडे ८, ९, १०. महायुद्धं, जगातलं निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध.

चौथा गट, धडे ११ आणि १२, बदलता भारत. हे दोन धडे "सोपे आहेत, नंतर बघू" म्हणून राहतात आणि पेपरात तिथलाच प्रश्न आला की हात थांबतो. यांना दुसऱ्या गटाच्या लगेच नंतर वाचलं तरी चालेल, पण सोडायचं नाही.

प्रत्येक धडा दोनदा वाचायचा. पहिल्यांदा पेन हातात न घेता, गोष्टीसारखा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि एका परिच्छेदात जास्तीत जास्त दोन ठिकाणी रेघ. अख्खं पान पिवळं केलेली पुस्तकं बघते मी, त्याने काहीच निवडलं जात नाही. चौकटीतला मजकूर, चित्राखालची ओळ आणि नकाशे पण वाचायचे.

## पायरी ३ : वहीत प्रत्येक धड्याला तीन पानं

पहिलं पान, काळपट्टी. मधे उभी रेघ, डावीकडे साल, उजवीकडे चार-पाच शब्द. एका धड्याला दहा-बारापेक्षा जास्त सालं लिहायची नाहीत. आणि सालाशेजारी, जमेल तिथे, आपल्या भागातली, म्हणजे खानदेशातली एक खूण लिहायची. हे मी मुद्दाम सांगते कारण आपल्या मुलांना याचा फार उपयोग होतो. १८१८ लक्षात राहत नाही ना, तर थाळनेर आठवा, तापीकाठचा तो किल्ला त्याच वर्षी इंग्रजांनी घेतला आणि खानदेश त्यांच्याकडे गेला. १८५७ चा उठाव फक्त दिल्ली-मीरत-झाशीचा नव्हता, १८५८ च्या एप्रिलात सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल लढले. १९३६ म्हटलं की फैजपूर, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. १९४२ म्हटलं की नंदुरबार, ९ सप्टेंबर, शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती. अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी फर्दापूरला गेलात की १९४८ पर्यंत तिकडे निजामाचं राज्य होतं, ही एक गोष्ट कळली की हैदराबादचा प्रश्न आपल्या उंबऱ्यापाशी येतो. कापूस तर घरचाच आहे : अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानातल्या कापसाला भाव आला, त्यात खानदेश पण होता. कच्चा माल इकडून, पक्का माल तिकडून, हा वसाहतवादाचा मुद्दा यापेक्षा जवळून कोण समजावणार.

सावधान : या खुणा लक्षात ठेवण्यासाठी आहेत. उत्तरात बसत असेल तर एक ओळ, नाहीतर नाही. हैदराबादच्या उत्तरात अजिंठ्याचं वर्णन लिहू नका.

दुसरं पान, नावं. व्यक्ती, संस्था, ठिकाण, पुस्तक, तह. प्रत्येकासमोर एकच ओळ. चुकीच्या जोडीचा आणि ऐतिहासिक नावांचा प्रश्न इथून सुटतो. जिथे गोंधळ होतो ती नावं शेजारी शेजारी लिहा, लांब नको. उदाहरणार्थ :

ब्राह्मो समाज १८२८ कोलकाता, प्रार्थना समाज १८६७ मुंबई, सत्यशोधक समाज १८७३ पुणे, आर्य समाज १८७५ मुंबई. आर्य समाजापुढे "पंजाब" लिहिणारी मुलं दर वर्षी असतात, कारण तो वाढला पंजाबात. स्थापना मुंबईत.

बांडुंग परिषद १९५५, अलिप्ततावादी देशांची पहिली परिषद बेलग्रेडला १९६१. ही दोन एक समजतात.

शीतयुद्धातले लष्करी करार : नाटो १९४९, सिएटो १९५४, वॉर्सा करार १९५५.

१९०९ मोर्ले-मिंटो, १९१९ माँटेग्यू-चेम्सफर्ड, १९३५ चा कायदा. या तिघांसमोर "यात नवीन काय आलं" एवढंच लिहा : विभक्त मतदारसंघ, प्रांतात द्विदल राज्यपद्धती, प्रांतिक स्वायत्तता.

तिसरं पान, कारण आणि परिणाम. पानाच्या मधे घटना, डावीकडे का, उजवीकडे मग काय झालं. या पानाला वेळ जातो आणि मुलं हेच टाळतात, पण मोठे प्रश्न सगळे इथूनच सुटतात.

तपासा : पुस्तक मिटून तिसरं पान बघून मोठ्याने पाच मिनिटं बोला, आईसमोर, बहिणीसमोर, कोणी नसेल तर गोठ्यात. जिथे अडखळलात तिथे खूण करा. फक्त तेवढाच भाग परत वाचायचा.

## पायरी ४ : प्रश्न काय मागतो ते आधी ओळखा

मार्क जातात ते मुख्यतः इथेच, म्हणून इथे जरा थांबते.

चुकीची जोडी दुरुस्त करून लिहा. नुसती चुकीची जोडी उतरवून सोडतात. दुरुस्त केलेली जोडी लिहायलाच हवी.

संकल्पनाचित्र. पेन्सिलने चौकोन काढा, आत शब्द किंवा छोटा वाक्यांश. निबंध नको.

नकाशावरचे प्रश्न. उत्तर नकाशातच असतं. सूची वाचा, दिशा बघा, पूर्व किनारा की पश्चिम किनारा ते नीट वाचा. डच, फ्रेंच, पोर्तुगीज यांची ठिकाणं पुस्तकातल्या नकाशावर बोट ठेवून दहा वेळा म्हणा.

टीप. काय, कधी, कोण, कशासाठी, पुढे काय. पाच प्रश्नांना पाच ओळी, मग हवं तर वाढवा.

सकारण स्पष्ट करा. इथे वर्णन चालत नाही. एक उदाहरण सविस्तर घेऊ. विधान असं समजा : "भारत सरकारला हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई करावी लागली."

एका मुलाने केलेली सुरुवात अशी होती : "हैदराबाद हे भारतातील मोठे संस्थान होते. तेथे निजामाचे राज्य होते. निजाम खूप श्रीमंत होता. तेथे तेलुगू, कन्नड, मराठी भाषा बोलल्या जात होत्या." चार वाक्यं, चारही खरी, आणि एकालाही मार्क नाही, कारण एकही वाक्य 'कारवाई का करावी लागली' हे सांगत नाही.

माझी परीक्षा सोपी आहे. प्रत्येक वाक्यापुढे "म्हणून कारवाई करावी लागली" जोडून बघा. जुळलं तर वाक्य ठेवा, नाही जुळलं तर खोडा. निजाम श्रीमंत होता म्हणून कारवाई करावी लागली? नाही जुळत. आता हे बघा : निजामाला भारतात विलीन न होता स्वतंत्र राहायचं होतं, जुळतं. कासीम रझवीच्या रझाकारांनी लोकांवर अत्याचार सुरू केले, जुळतं. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी लढा उभारला आणि तो दडपला जात होता, जुळतं. संस्थान भारताच्या मधोमध होतं, ते वेगळं राहणं देशाच्या एकतेला धोक्याचं होतं, जुळतं. नोव्हेंबर १९४७ मधे 'जैसे थे' करार झाला, तरी बोलण्यातून मार्ग निघाला नाही, जुळतं. मग शेवटी : १३ सप्टेंबर १९४८ ला कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. पाच कारणं आणि शेवट, एवढंच उत्तर. पान भरायची गरज नाही.

तुमचे मत नोंदवा. याला घाबरतात किंवा "माझ्या मते हे खूप चांगले होते" लिहून मोकळे होतात. पहिल्या ओळीत बाजू सांगा, मग तीन कारणं, आणि कारण पुस्तकातल्या माहितीचंच. समजा अलिप्ततावाद भारताच्या हिताचा होता का. हो म्हणायचं तर दाखवा : नुकताच स्वतंत्र झालेला देश, उद्योग उभे करायचे, कोणा एकाच्या गटात गेलो असतो तर दुसऱ्याकडची मदत बंद झाली असती. पुरावा काय? भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत रशियाच्या मदतीने, राऊरकेलाचा पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूरचा ब्रिटनच्या. एवढ्या एका ओळीने मत वजनदार होतं.

दिलेल्या मुद्द्यांच्या आधारे सविस्तर उत्तर. दिलेला प्रत्येक मुद्दा उपशीर्षक म्हणून लिहा आणि खाली सारखं सारखं लिहा. पहिल्या मुद्द्यावर दीड पान आणि शेवटच्यावर दोन ओळी, हे फार दिसतं. शेवटच्या मुद्द्याचे मार्क हातातून जातात.

तपासा : मागचा एक पेपर घ्या आणि उत्तरं न लिहिता फक्त प्रत्येक प्रश्नातल्या आज्ञेखाली रेघ मारा : ओळखा, दुरुस्त करा, सकारण, मत, टीप. असे तीन पेपर केले की डोळ्याला सवय लागते.

## पायरी ५ : घड्याळ लावून लिहा

लेखी पेपर ८० मार्कांचा, वेळ तीन तास. एका मार्काला दोन मिनिटं धरा, १६० मिनिटं झाली. उरलेली वीस मिनिटं वाचायला आणि तपासायला. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुरुवातीला पूर्ण पेपर नको. रोज एक मोठा प्रश्न, वेळ लावून, पुस्तक बंद. लिहून झालं की पुस्तक उघडायचं आणि हिरव्या पेनने राहिलेले मुद्दे समासात लिहायचे. पुसायचं नाही, परत लिहायचं नाही. आठवड्याने समासातलं हिरवं तेवढं वाचायचं. नोव्हेंबर-डिसेंबर असं केलं की जानेवारीत पूर्ण पेपर, निदान तीन.

आत्ता गाईड काढा कपाटातून. आपलं उत्तर झाल्यावर गाईडचं उत्तर शेजारी ठेवा आणि आपल्याकडे काय सुटलं ते बघा. गाईडचा उपयोग हा.

सावधान : एकमेकांची उत्तरं तपासा, पण मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून मार्क वाढवू नका. तिचंच नुकसान आहे.

## पायरी ६ : २० मार्क आधी पदरात पाडा

अंतर्गत २० मार्कांचा प्रकल्प शेवटच्या आठवड्यात नेटवरून उतरवतात, आणि तोंडीला दोन प्रश्न विचारले की गप्प. दिवाळीच्या आधी संपवा, आणि विषय जवळचा घ्या. फैजपूरचं अधिवेशन, नंदुरबारचं हुतात्मा स्मारक, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, पारोळ्याचा किल्ला, अमळनेर आणि साने गुरुजी. प्रत्यक्ष जा, एसटीने जाता येतं. स्वतः काढलेले फोटो, तिथल्या पाटीवरची माहिती, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी केलेली बातचीत, आणि हे मुख्य धड्याशी कसं जुळतं त्याचं एक पान. स्वतः बघितलेलं असेल तर तोंडीला अडत नाही.

## पायरी ७ : उजळणीचं वेळापत्रक, आपल्याकडचं

नेटवरची टाईमटेबलं रोज सहा तास बसायला सांगतात. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी म्हणजे कापूस वेचणी, हे मला माहीत आहे, वर्गातली निम्मी पोरं शेतात असतात. म्हणून नवीन वाचन दिवाळीआधी संपवा, आणि वेचणीच्या दिवसांत फक्त ऐका. तिसरं पान स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करा, एका धड्याला सात-आठ मिनिटं, आणि वेचताना कानाला लावा. दुसऱ्याच्या आवाजापेक्षा स्वतःचा आवाज जास्त लक्षात राहतो असा माझ्या मुलींचा अनुभव आहे.

धडा वाचला की दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, असा तीनदा फिरवायचा. तारीख धड्याच्या पानावरच लिहा. सारंगखेड्याची यात्रा भरेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, बाराही धड्यांवर निदान दोन तारखा पडलेल्या पाहिजेत. नसतील तर ज्या धड्यावर एकही नाही तिथून सुरू करा, आवडत्या धड्यापासून नको.

## पायरी ८ : शेवटचे पंधरा दिवस आणि पेपरचा दिवस

नवीन काही वाचायचं नाही. वहीतली छत्तीस पानं आणि हिरवे मुद्दे, बस. रोज दोन धडे, सहा दिवसांत एक फेरी, म्हणजे दोन फेऱ्या होऊन तीन दिवस उरतात. ते तीन दिवस नकाशे आणि नावांचं पान.

पेपरच्या दिवशी आदल्या गाडीने निघा, सेंटर दुसऱ्या गावाला असेल तर जास्तच. हॉल तिकीट, दोन निळे किंवा काळे पेन, पेन्सिल, पट्टी. मोबाईल घरी.

पेपर हातात आला की आधी सगळा वाचा आणि पर्यायी प्रश्नांपैकी कोणते सोडवणार त्यावर खूण करा. छोटे प्रश्न आधी, क्रमाने, एकाच ठिकाणी लिहा, पानापानावर विखरू नका. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर. एखादं साल शंभर टक्के आठवत नसेल तर चुकीचं लिहू नका, "एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात" असं लिहा. वेळ संपत आली आणि मोठं उत्तर राहिलं असेल तर मुद्दे उपशीर्षकांसकट लिहून काढा, कोरं सोडू नका.

शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरं वाचत बसू नका. तीनच गोष्टी बघा : प्रत्येक उत्तराला बरोबर प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्न लिहिलाय का, चुकीच्या जोड्या दुरुस्त करून लिहिल्यात का, आणि पुरवणी घेतली असेल तर ती नीट बांधलीय का.